जिल्हा मार्ग ६८ आणि आईची पाटवडी

सिसिलीत एका वाइनचं नाव 'एसपी ६८' आहे. एसपी म्हणजे 'स्त्रादा प्रोविंचाले', म्हणजे आपल्याकडचा जिल्हा मार्ग, आणि ६८ हा त्या रस्त्याचा क्रमांक. उद्या कुणी 'इंदूर-सांवेर रोड' नावाचं लोणचं बाजारात आणलं तर आपण हसू. पण त्या बेटावरच्या एका तरुण मुलीने आपल्या मळ्याजवळून जाणाऱ्या रस्त्याचं नाव बाटलीवर छापलं, आणि आज न्यूयॉर्कपासून टोकियोपर्यंतचे लोक ते नाव घेऊन ती बाटली मागतात.

शिक्षणासाठी दीड वर्ष मी कातानियाला होते. सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर बसने किंवा कुणाच्या तरी जुन्या फियाटमधून रागुसा, कोमिसो, वित्तोरिया असं फिरणं व्हायचं. सिसिलीचा हा आग्नेय कोपरा पोस्टकार्डांत दिसतो तितका देखणा नाही. वित्तोरिया गाव १६०७ साली वसलं. आज त्याच्या भोवती मैलोन्‌मैल प्लॅस्टिकची हरितगृहं पसरली आहेत. त्यांत टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगी पिकतात आणि इथल्या घाऊक बाजारातून युरोपभर जातात. उन्हात सगळं प्लॅस्टिक चमकतं, समुद्राचं पाणी आत आलं आहे असं वाटतं. त्या पांढऱ्या पसाऱ्यात मध्येच लाल वाळूचा तुकडा येतो, दगडी बांध येतो, द्राक्षांच्या ओळी येतात. वर तांबूस वाळू आणि खाली चुनखडीचा दगड. वाळूतून पाणी झटकन झिरपतं, खालचा चुनखडक ते धरून ठेवतो, आणि कोरड्या उन्हाळ्यात वेलीची मुळं तिथवर खाली जातात. आमच्या माळव्याच्या काळ्या मातीचं बरोबर उलट. ती पावसात पाय धरते आणि मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पाडते.

त्या मुलीचं नाव अरियाना ओक्किपिंती. तिचे काका जुस्तो ओक्किपिंती यांनी १९८० साली दोन मित्रांबरोबर 'कोस' नावाची वाइनरी काढली होती. कोस म्हणजे तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं. सोळाव्या वर्षी ती काकांबरोबर वेरोनाच्या मोठ्या वाइन प्रदर्शनाला गेली, मग मिलानला द्राक्षशेती आणि वाइन बनवण्याचं शिक्षण घेतलं आणि २००४ साली एक हेक्टर जमिनीवर स्वतःचं काम सुरू केलं. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर. वय बाविशीच्या आसपास. पुढे जमीन वाढली, नाव झालं, 'नॅचरल वुमन' नावाचं पुस्तकही तिने लिहिलं. ती जैविक शेती करते आणि बायोडायनॅमिक पद्धती वापरते. एसपी ६८ लाल रंगातही मिळते. मी लिहिते आहे ती पांढरी, 'बिआंको'.

ही वाइन दोन द्राक्षांची मिळून होते, झिबिब्बो आणि अल्बानेलो. झिबिब्बोचा वाटा मोठा असतो. हे द्राक्ष म्हणजे अलेक्झांड्रियाचं मस्कत, आणि नाव आलं आहे अरबी 'झबीब' वरून, म्हणजे मनुका. नवव्या ते अकराव्या शतकात सिसिलीवर अरबांचं राज्य होतं, त्याच्या खुणा अशा नावानावांत सापडतात. सिसिली आणि आफ्रिकेच्या मध्ये पान्तेल्लेरिया नावाचं लहानसं बेट आहे. तिथे हेच द्राक्ष वाऱ्यापासून वाचवण्यासाठी जमिनीत खळगा करून लावतात. वेल झुडपासारखी खुजी ठेवतात. ही लागवडीची रीत २०१४ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पान्तेल्लेरियात झिबिब्बोची गोड वाइन होते. एसपी ६८ मात्र कोरडी आहे, म्हणजे साखर जवळजवळ उरलेली नसते. वास गोड आणि चव कोरडी, यात पहिल्यांदा पिणारा फसतोच. अल्बानेलो हे तिथलंच स्थानिक द्राक्ष, फारसं प्रसिद्ध नसलेलं. झिबिब्बो वास देतं, अल्बानेलो त्याला आवरून धरतं. आपल्याकडे भाजीला नुसता सुवासिक मसाला घालून चालत नाही, खाली दाण्याच्या कुटासारखं काहीतरी लागतंच, तसं.

आंबवण्यासाठी बाहेरचं यीस्ट घालत नाहीत. द्राक्षाच्या सालीवर जे असतं त्यावरच काम चालतं, आणि साली काही काळ रसात राहू देतात. त्यामुळे रंग फिका सोनेरी आणि किंचित गढूळ येतो. नारंगीच्या फुलांचा वास येतो, मोगऱ्याचा भास होतो आणि शेवटी जिभेवर जरा मिठासारखं काही उरतं. मद्यार्क १२ टक्क्यांच्या आसपास.

आता 'बायोडायनॅमिक' हा शब्द. आमच्या घरात सगळा तंटा या शब्दावरून झाला, म्हणून जरा थांबून सांगते.

१९२४ च्या जूनमध्ये रुडॉल्फ श्टायनर या ऑस्ट्रियन विचारवंताने कोबरविट्स या गावी (आज ते पोलंडमध्ये आहे) शेतकऱ्यांसमोर आठ व्याख्यानं दिली. रासायनिक खतांनी जमीन थकते आहे, बियाणं कमजोर होतं आहे, ही त्या शेतकऱ्यांची तक्रार होती. श्टायनरचं उत्तर असं, की शेत म्हणजे एक सजीव देह आहे. त्याची गुरं, त्याचा चारा, त्याचं खत हे सगळं शक्यतो त्याच्याच आत फिरलं पाहिजे. इथवर कुठलाही जुना शेतकरी मान डोलावेल. पण पुढे त्याने काही 'प्रेपरेशन्स' सांगितली. गायीच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचं, हे ५०० नंबरचं. गारगोटीची पूड शिंगात भरून उन्हाळाभर पुरायची, ते ५०१. एका वनस्पतीची फुलं हरणाच्या मूत्राशयात, ओकची साल पाळीव जनावराच्या कवटीत, कॅमोमाइल गायीच्या आतड्यात. पुरलेलं शिंगखत बाहेर काढून एकरी जेमतेम मूठभर पाण्यात घालायचं आणि ते पाणी एक तास ढवळायचं, एकदा उजवीकडून भोवरा, मग मोडून डावीकडून. मग शिंपडायचं. त्यावर चंद्र-नक्षत्रांचं पंचांग. मारिया थुन या जर्मन बाईंनी पुढे मूळ-दिवस, पान-दिवस, फूल-दिवस, फळ-दिवस असं वर्षाचं कॅलेंडरच काढलं. काही लोक तर वाइन चाखण्यासाठीही फळ-दिवस बघतात! आमच्या आजीला हे कळलं असतं तर ती म्हणाली असती, मुहूर्त पाहून पिणारे निदान रोज तरी पीत नसतील.

बाबा कृषी महाविद्यालयातून निवृत्त झाले. विषय मृदरसायन. मी फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा दोन मिनिटं पलीकडून आवाजच नव्हता. मग म्हणाले, "हे शेतीचं सामान आहे की मांत्रिकाचं?"

प्रश्न नुसता गमतीचा नव्हता. सांवेरकडे आमची थोडी जमीन आहे. वर्षानुवर्षं सोयाबीन आणि गहू, सोयाबीन आणि गहू. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के निघाला. आमच्या दादाने नोकरी सोडून ती जमीन हातात घेतली आहे, आणि त्याच सुमारास एका सल्लागार संस्थेने त्याच्यापुढे कागद ठेवला होता. तीन वर्षांचा करार, शिंगखत आणि इतर प्रेपरेशन्स ते पुरवणार, प्रमाणपत्र मिळवून देणार, माल परदेशात जाणार. पैसे आधी. दादाला ते पटत होतं. बाबांना शिंग दिसलं की राग येत होता. मी इटलीतून उत्साहाने वाइनचे फोटो पाठवत होते, आणि दादा तेच फोटो बाबांना दाखवून म्हणत होता, "बघा, तिकडे चालतं की नाही?"

मग मी वाचायला बसले, आणि वाचता वाचता जी गोष्ट सापडली ती आमच्या शहराचीच निघाली.

ज्या १९२४ साली श्टायनर व्याख्यानं देत होता, त्याच साली अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ इंदूरला आला आणि इथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' उभी राहिली. होळकर संस्थानाने जागा दिली होती. कापसावर काम करता करता हॉवर्ड आणि त्याचे सहकारी यांनी कंपोस्ट करण्याची एक शिस्तशीर पद्धत बसवली. पिकांचा काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती आणि लाकडाची राख यांचे खड्ड्यात थर, ठरावीक ओल आणि ठरलेल्या दिवसांनी तीनदा उलथणं. तीन महिन्यांत खत तयार. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. तिच्यावरचं १९३१ चं पुस्तक हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांच्या नावावर आहे. हॉवर्डचं नाव सगळे घेतात, वाडांचं कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. १९३५ साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा तेही हे खत बघून गेले. पुढे त्याच परिसरात कृषी महाविद्यालय उभं राहिलं. म्हणजे बाबांनी सगळी हयात जिथे नोकरी केली, तिथेच जगातल्या सेंद्रिय शेतीचं एक मूळ आहे. आणि हॉवर्डला श्टायनरपंथाबद्दल काय वाटत होतं? १९४० च्या पुस्तकात त्याने स्वच्छ लिहिलं आहे, की हे लोक निसर्गनियमांचा खरा उलगडा करू शकतील याची आपल्याला खात्री पटलेली नाही. बाबांना ते वाक्य वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडून पान नंबर लिहून घेतला.

योगायोग इथे संपत नाही. १९९० च्या दशकात न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर भारतात येऊन बायोडायनॅमिक शेती शिकवू लागले, आणि त्यांच्या सुरुवातीच्या ठिकाणांपैकी एक इंदूरजवळचं कस्तुरबाग्राम, टी. जी. के. मेनन यांच्याकडचं. म्हणजे शिंगही इंदूरला आलं आणि शिंगावर शंका घेणाराही इंदूरचाच.

मग खरं काय? जेवढं तपासलेलं आहे तेवढं सांगते. स्वित्झर्लंडमध्ये थेरविल येथे १९७८ पासून एक प्रयोग चालू आहे. त्यात बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक शेती शेजारी शेजारी ठेवून मोजमाप करतात. एकवीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आले. बिनरासायनिक वाफ्यांत उत्पादन सुमारे २० टक्के कमी, पण खत खूपच कमी लागलं, कीटकनाशक जवळजवळ नाहीच, आणि मातीतले गांडूळ, बुरशी, जिवाणू सगळे जास्त. दुसरा अभ्यास कॅलिफोर्नियातल्या युकाया इथल्या द्राक्षमळ्याचा, २००५ साली छापलेला. तिथे दोन्हीकडे सेंद्रियच शेती होती, फरक एवढाच की एका बाजूला शिंगखत वगैरे प्रेपरेशन्स दिलेली. सहा वर्षांनंतर मातीच्या प्रतीत फरक आढळला नाही. बाबांचं म्हणणं त्यात आलं. काम करतं ते कंपोस्ट, शिंग नाही.

माझं मत थोडं निराळं आहे. तासभर पाणी ढवळणारा शेतकरी ते शिंपडताना सगळं शेत पायी फिरतो. प्रत्येक ओळीत कुठली वेल मलूल आहे, कुठे पानावर पांढरं आलं आहे हे त्याला दिसतं. माझ्या अंदाजाने चांगल्या बायोडायनॅमिक मळ्यांचं निम्मं यश या फिरण्यात असावं. ते कुठल्याच कोष्टकात मोजलेलं मला सापडलं नाही. आणि एक गोष्ट नाशिककर द्राक्षबागायतदार लगेच ओळखतील. 'बिनफवारणीची द्राक्षं' असं काही नसतं. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण तिकडेही मारतात. युरोपात तांब्याला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे. वित्तोरियाची हवा कोरडी, वारा भरपूर, म्हणून तिथे केवडा रोगाचा त्रास कमी. सह्याद्रीच्या पावसात तीच पद्धत उचलून आणली तर चालेलच असं नाही.

शाकाहारी वाचकांसाठी दोन ओळी. अनेक वाइन स्वच्छ करताना अंड्याचा पांढरा भाग किंवा माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे बायोडायनॅमिक शेतीत जनावराचे अवयव लागतात. ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी तोस्कानातल्या ग्रेव्हे इन किआन्तीची क्वेर्चाबेल्ला वाइनरी आहे. तिने प्राणिजन्य सगळंच बाद करून वनस्पतींवर आधारलेली बायोडायनॅमिक शेती बसवली आहे. त्यांची 'बातार' ही शार्दोने आणि पिनो बिआंको यांची पांढरी वाइन नावाजलेली आहे. किंमत ऐकून मात्र बसायला खुर्ची घ्यावी.

आता घरातली गोष्ट.

आमच्या घरात बाटली येत नसे. माझे धाकटे काका एक्केचाळिसाव्या वर्षी गेले, यकृत निकामी होऊन. मी तेव्हा सातवीत होते. शेवटचे आठ महिने ते आमच्याकडेच होते आणि त्यांचं सगळं आईने केलं. त्यामुळे इटलीहून येताना मी दोन बाटल्या आणते आहे हे कळल्यावर तिने वाद घातला नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "देवघरासमोरून नेऊ नकोस, आणि मला 'ती औषधासारखी असते' हे सांगू नकोस."

मी सांगितलं नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही. वाइन म्हणजे द्राक्षाचा रस, वाइन म्हणजे हृदयाला चांगली, हे आपल्या लग्नाघरांत अजून ऐकू येतं. १२५ मिलिलिटरच्या ग्लासात १२ टक्के मद्यार्काने सुमारे १२ ग्रॅम अल्कोहोल जातं. ३० मिलिलिटर व्हिस्कीतही १० ग्रॅमच्या आसपासच असतं. सोनेरी रंग आणि मोगऱ्याचा वास याने यकृताला काही फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं, की अल्कोहोलची कुठलीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही. वेलीला शिंगखत दिलं म्हणून हे बदलत नाही. मध्य प्रदेशात २१ च्या आतल्यांना कायद्याने मनाई आहे, आणि बडोद्याच्या आमच्या आतेभावंडांनी हा लेख नुसता वाचून घ्यावा. ज्यांच्या घरात कुणाला व्यसन लागलेलं आहे किंवा होतं, त्यांनी तर पुढचं फक्त पाककृती म्हणून वाचावं.

तर एका रविवारी दुपारी बाबा, दादा, वहिनी आणि मी बसलो. आई समोर खुर्ची ओढून बसली, हातात ताकाचा पेला. बाटली फ्रिजमधून पंधरा मिनिटं आधी काढून ठेवली होती. ही वाइन १० ते १२ अंशांना बरी लागते, बर्फगार केली तर वासच मिटतो. मी ओतली. आईने माझा ग्लास उचलला, प्यायली नाही, नाकाजवळ नेला आणि म्हणाली, "धणे भिजत घातल्यासारखा वास येतोय."

मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मस्कत जातीच्या द्राक्षांचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांतलं एक मुख्य द्रव्य म्हणजे लिनालूल. आणि धण्याच्या तेलातला सगळ्यात मोठा घटक हाच, लिनालूल. दुसरं द्रव्य जेरॅनिऑल, जे गुलाबात असतं. मी हे वर्गात वर्षभर शिकले होते. आईने अर्ध्या मिनिटात सांगितलं. या वाइनबरोबर काय खायचं याची किल्लीही तिने त्यातच दिली, म्हणजे ज्यात धणे-कोथिंबीर आहे आणि तिखट कमी आहे ते.

पहिली आली पाटवडी. डाळीचं पीठ, आलं, हिरवी मिरची बेताची, वर खोबरं-कोथिंबीर. मी मुद्दाम सांगून करवली होती, कारण पालेर्मोच्या रस्त्यांवर 'पानेल्ले' मिळतात आणि ती म्हणजे सख्खी पाटवडीच. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून घोटायचं, त्यात कोथिंबिरीसारखी पार्सली घालायची, पसरून गार करायचं, कापायचं आणि तळायचं. तीळ लावलेल्या पावात घालून विकतात, आपला वडापावच म्हणा. सिसिलीची माणसं पानेल्लेवर लिंबू पिळतात. पांढऱ्या वाइनचा आंबटपणा तेच काम करतो, तेलकटपणा कापतो. पाटवडी, वाइन, पुन्हा पाटवडी. बाबांनी चार खाल्ल्या आणि म्हणाले, "हे पीक कुठल्याही पद्धतीनं वाढवा, आपली हरकत नाही."

मग इंदूरचे पोहे. बडीशेप घातलेले, वाफेवर ठेवलेले. सिसिलीचा प्रसिद्ध पास्ता सार्डिन मासे, बेदाणे आणि रानबडीशेपेच्या पाल्याने होतो, त्यामुळे बडीशेप आणि तिथली पांढरी वाइन यांचं गोत्र जुनं. पोह्यांशी ती जमलीही, पण जिरावन भुरभुरवलं की संपलं. काळं मीठ आणि लाल तिखट वाइनला झोपवतं. रतलामी लौंग सेवेबद्दल तर विचारूच नका. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, आणि लवंग नाकात जाऊन बसते. दादाने हट्टाने खाऊन पाहिली आणि मग ताक मागितलं.

भुट्ट्याचा कीस चांगला जमला. दुधात शिजलेला कोवळा मका मुळात गोडसर असतो, वर धणेपूड, लिंबू. बाजारातला नको, घरचा, मिरची आपल्या हातातली. मसालेभाताबद्दल मला शंका होती, पण गोड्या मसाल्यात धणे आणि खोबरं असतंच. तोंडली घालून केलेला, वर तूप, आणि ग्लासातली नारंगीची फुलं एकदम पुढे आली. अळूवडी मात्र फसली. चिंच वाइनपेक्षा आंबट, त्यामुळे वाइन पाण्यासारखी लागायला लागली. हा नियम लक्षात ठेवा. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असेल तर वाइन मरते, आणि पदार्थ वाइनपेक्षा गोड असेल तर ती आंबट लागते. म्हणून श्रीखंड-पुरणपोळीच्या ताटाशेजारी ही ठेवू नये. ज्यांना गोडाबरोबरच हवी त्यांनी पान्तेल्लेरियाची गोड 'पास्सितो' शोधावी. ती बेसनाच्या लाडवाबरोबर कशी लागेल हा प्रयोग मी अजून राखून ठेवला आहे.

मडगावच्या मावशीकडे दुसरी बाटली उघडली. तिथे मासे. रवा लावून तळलेली सुरमई, वर लिंबू, हा तर सोपा पेपर. तिसऱ्यांचं सुकं, ओल्या खोबऱ्याचं, हे त्याहून छान, कारण त्या वाइनच्या शेवटी जो खारा स्पर्श आहे तो समुद्राच्या जिनसांशी आपोआप जुळतो. हुमणाच्या वेळी मावशीनेच बाटली बाजूला ठेवली. म्हणाली, हुमणाला भात लागतो, आणखी काही नको.

किंमतीचं म्हणाल तर आपल्याकडे बाटलीबंद वाइनवर कित्येक वर्षं १५० टक्के आयात शुल्क लागत आलं आहे, त्यामुळे तिकडे साधी असलेली वस्तू इथे चैनीची होते. त्यापेक्षा पुण्या-नाशिककडे गेलात तर तिथली कोरडी पांढरी वाइन घेऊन पाटवडीचा प्रयोग करा. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला तर इटालियन भागीदारांनी मोहिते-पाटील कुटुंबाबरोबर द्राक्षं लावली आहेत. मस्कतचा वास मात्र सगळीकडे मिळेलच असं नाही. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते. आमची राहिली. उरलेला पाऊण ग्लास आईने विचारून मोरीत ओतला, आणि कुणी काही बोललं नाही.

दादाने तो करार केला नाही. बाबांनी त्याच्यासाठी हॉवर्ड-वाडांच्या पुस्तकातून खड्ड्याची मापं काढून दिली. आता गोठ्यामागे तीन खड्डे आहेत. सोयाबीनचा भुसा, गव्हाचं काड, शेण, राख, गोठ्यातली माती. दुसऱ्यांदा उलथताना आतून वाफ निघाली तेव्हा बाबांनी खिशातून थर्मामीटर काढला. दादा शेजारच्या गावातून एक शिंगही घेऊन आला आहे. आश्विनात तो ते पुरणार आहे, बांधाच्या एका कडेला, एकाच वाफ्यापुरतं. बाबांनी त्या वाफ्याची आणि शेजारच्या वाफ्याची माती आधीच वेगवेगळ्या पिशव्यांत भरून, तारीख घालून ठेवली आहे.